मोटारीचें चाक आणि त्याची जागा

मोटारीचीं मूळचीं लोखंडी चाकें काढून त्यांच्या जागीं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचीं रुंद व चकचकीत चाकें बसविण्याची हौस आज मोठ्या शहरांतच काय, पण तालुक्याच्या गांवींहि दिसते. बाजारांत ह्या चाकांना नुसतें 'अलॉय' म्हणतात. गाडी घेतांना खालच्या प्रतीची घ्यावी, वाचलेल्या पैशांतून चाकें बाहेरून आणावींत, आणि गाडीस वरच्या प्रतीचा थाट यावा, असा हा हिशेब असतो. त्यांत वावगें असें कांहीं नाहीं. दुकानांत चाक निवडतांना तें केवढ्या व्यासाचें आहे, रंग कोणता, आऱ्यांची नक्षी कशी, आणि फार झालें तर बोल्टांचीं भोकें जुळतात कीं नाहीं, एवढें पाहिलें जातें. भोकें जुळलीं, नट आवळले, चाक फिरलें, म्हणजे काम संपलें अशी समजूत आहे. परंतु चाक गाडीला लागलें म्हणजे तें आपल्या जागीं बसलें, असें होत नाहीं. त्याची जागा एका वेगळ्याच अंकानें ठरते. हा अंक चाकाच्या पाठीवर, बहुधा एखाद्या आऱ्याच्या मागच्या अंगास, उठविलेला असतो. दुकानदार तो क्वचित् सांगतो आणि गिऱ्हाईक तो क्वचितच विचारतें. ह्या अंकास 'ऑफसेट' म्हणतात.

बुलढाणा जिल्ह्यांत ह्या अंकाची परीक्षा फार लवकर होते. जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे सरळ दोन भाग आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हीं गांवें वरच्या पठारावर. मलकापूर, नांदुरा, शेगांव हीं खालीं पूर्णेच्या खोऱ्यांत. बुलढाण्याहून मलकापुरास जावयाचें तर मोताळ्याच्या वाटेवर राजूर घाट उतरावा लागतो. खामगांवास जावयाचें तर ज्ञानगंगा अभयारण्यांतून जाणारा बोथ्याचा घाट. घाटाच्या वळणावर स्टिअरिंग पुष्कळ फिरवावें लागतें आणि गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर येऊन त्या बाजूच्या स्प्रिंगा दबतात. खालच्या सपाटीवर निराळीच गंमत आहे. तेथील काळी कपाशीची जमीन पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आक्रसून भेगाळते. दर वर्षींच्या ह्या हालचालीनें वरची डांबरी सडक लाटेसारखी होते. वेगानें जाणारी गाडी अशा लाटेवर उचलली जाते, आणि खालीं बसतांना तिचें चाक मडगार्डच्या कमानींत खोलवर शिरतें. दक्षिणेकडे मेहकर, सिंदखेडराजा ह्या भागांतून समृद्धि महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं, तर शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. तेथें सपाटीवर मोटारींना ताशीं १२० किलोमीटरपर्यंत वेग ठेवण्याची मुभा आहे. वळण, लाट आणि वेग ह्या तिन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यांत, कधीं कधीं एकाच दिवसाच्या प्रवासांत, भेटतात; आणि गाडींत पांच माणसें व डब्यापिशव्यांचा भार असतो तोहि बहुधा अशाच प्रवासांत.

ऑफसेट म्हणजे काय, हें समजण्यास चाकाचे दोन भाग कल्पावे. बाहेरचा भाग म्हणजे रिम; तिच्यावर टायर चढतो. मधला भाग म्हणजे तबकडी अथवा आरे. हा भाग गाडीच्या हबवर टेकतो आणि नटांनीं आवळला जातो. चाकाची पाठ हबवर जेथें टेकते, ती चाकाची बैठक. आतां चाकाच्या रुंदीचे बरोबर दोन भाग करणारी एक उभी पातळी मनांत आणावी. ही मध्यपातळी आणि बैठक ह्यांमधील अंतर म्हणजे ऑफसेट. तें मिलिमीटरांत मोजतात. बैठक मध्यपातळीच्या बाहेरच्या अंगास, म्हणजे रस्त्यावरून पाहणाऱ्याच्या बाजूस, असेल तर ऑफसेट धन; दोन्ही एकाच जागीं असतील तर शून्य; आणि बैठक आंतल्या अंगास असेल तर ऋण. धन ऑफसेट जितका अधिक, तितकें चाक गाडीच्या पोटांत अधिक शिरतें. तो कमी करीत जावें तसतसें तें बाहेर येतें. येथें पुष्कळांचा घोटाळा होतो, कारण अंक मोठा तर चाक बाहेर, असें मनाला सहज वाटतें. प्रत्यक्ष प्रकार उलट आहे.

चाकाच्या पाठीवर हा अंक 'ईटी' ह्या अक्षरांपुढें लिहिलेला असतो. हीं अक्षरें 'आइनप्रेसटीफे' ह्या जर्मन शब्दाचीं. तबकडी रिमच्या आंत किती खोलवर दाबून बसविली आहे, असा त्याचा मूळ अर्थ. 'ईटी ४५' असें असेल तर बैठक मध्यपातळीच्या ४५ मिलिमीटर बाहेर आहे असें समजावें.

ही कल्पना वऱ्हाडच्या माणसास अगदींच परकी नाहीं. बैलांच्या बंडीचें लांकडी चाक लांब तुंब्यानें आंसावर फिरतें आणि त्याचे आरे तुंब्याच्या मध्याजवळ रोवलेले असतात. भार जेथें जमिनीवर उतरतो, त्याच्या दोहों अंगांस तुंब्याचा आधार राहतो. म्हणून चाक डगमगत नाहीं आणि तुंबा एकाच बाजूनें झिजत नाहीं. ट्रॅक्टरांत तर ऑफसेट हें शेतकऱ्याच्या हातांतलें हत्यार आहे. बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागील चाकाची तबकडी ताटासारखी खोलगट असते. ती काढून उलटी बसविली, किंवा रिम तिच्यावर दुसऱ्या अंगानें जोडली, कीं चाक बाहेर अथवा आंत सरकतें. अशा निरनिराळ्या जुळण्यांनीं दोन चाकांमधील अंतर टप्प्याटप्प्यानें कमीजास्त करतां येतें, आणि कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या दोन ओळींमधून, पीक न तुडवितां, चाकें नेतां येतात. शेतकरी जें जाणूनबुजून करतो तेंच मोटारीचा धनी अजाणतां करून बसतो. फरक एवढाच, कीं ट्रॅक्टरचा आंस आणि त्याचे बेअरिंग अशा फिरवाफिरवीसाठीं मुद्दाम घडविलेले असतात. मोटारीचे तसे नसतात.

आतां एक उदाहरण हिशेबासह पाहणें बरें. एका गाडीचें मूळ चाक १५ इंच व्यासाचें, साडेपांच इंच रुंदीचें आणि ईटी ४५ चें आहे असें समजूं. त्याच्या जागीं १६ इंच व्यासाचें, ७ इंच रुंदीचें आणि ईटी ३५ चें चाक आणलें. अंकांकडे पाहतां फरक अवघा दहा मिलिमीटरांचा, करंगळीच्या रुंदीहूनहि कमी. पण रुंदी आणि ऑफसेट ह्या दोन गोष्टी एकदम बदलल्या आहेत हें विसरतां कामा नये. जुन्या रिमची रुंदी १३९.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धी ६९.८५. तिच्यांत ४५ मिळविले तर बैठकीपासून रिमची आंतली कड ११४.८५ मिलिमीटर आंत पडते. ४५ वजा केले तर बाहेरची कड २४.८५ मिलिमीटर बाहेर. नव्या रिमची रुंदी १७७.८, अर्धी ८८.९. तिची आंतली कड १२३.९ मिलिमीटर आंत आणि बाहेरची ५३.९ मिलिमीटर बाहेर. म्हणजे नवी रिम आंतल्या अंगास सुमारें ९ आणि बाहेरच्या अंगास सुमारें २९ मिलिमीटर वाढली. जें चाक नुसतें दहानें बदलल्यासारखें वाटत होतें, त्याची बाहेरची कड वस्तुतः जवळजवळ तीन सेंटिमीटर बाहेर आली आहे. ह्या तीन सेंटिमीटरांतच मडगार्डची कड आणि टायरचा खांदा ह्यांची गांठ पडते.

टायरचें पोट रिमच्या कडेहून थोडें फुगीर असतें आणि रुंद रिमवर तें ताणलें जातें, म्हणून टायरच्या कडा नेमक्या किती सरकल्या हें वरच्या आंकड्यांवरून तंतोतंत निघत नाहीं. हा हिशेब पूर्वसूचना देतो, निकाल नव्हे. टायर चढवून, चाक गाडीला लावून केलेलें मोजमापच शेवटीं खरें.

व्यासाविषयीं मात्र फारसें भ्यावयास नको, टायरचें माप नीट निवडलें तर. १५ इंची रिमवरील १८५/६५ मापाच्या टायरचा एकूण व्यास सुमारें ६२१.५ मिलिमीटर भरतो. १६ इंची रिमवर १९५/५५ मापाचा टायर घातल्यास तो ६२०.९ होतो. वेग दाखविणाऱ्या काट्याला हा फरक कळणारहि नाहीं. दुकानांत चर्चा बहुधा ह्याच गोष्टीची होते आणि ती झाली कीं गिऱ्हाइकाचें समाधान होतें. एक सावधगिरी तेवढी हवी. टायरची भिंत जितकी बुटकी, तितका खड्ड्याचा आघात रिमला सरळ बसतो.

मूळ गाडीस एवढा मोठा धन ऑफसेट असतोच कां, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत इंजिन पुढें आणि ओढ मागच्या चाकांची अशी रचना होती. पुढच्या चाकांना नुसतें वळावयाचें काम होतें. डिसेंबर १९८३ मध्यें मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी छोटी गाडी भारतांत घरोघर पोहोंचूं लागली. अशा गाडींत पुढच्या चाकाला ओढावयाचें, वळावयाचें आणि थांबावयाचें अशीं तिन्ही कामें करावीं लागतात. ओढीच्या दांड्याचा सांधा, बेअरिंग आणि ब्रेकची चकती हीं सर्व चाकाच्या पोकळींत बसवावीं लागतात. त्यांना जागा मिळावी म्हणून तबकडी बाहेर ढकलावी लागते, म्हणजेच ऑफसेट धन व मोठा होतो. पण जागेहून महत्त्वाचें दुसरें कारण आहे, आणि तें स्टिअरिंगशीं निगडित आहे.

पुढचें चाक वळतें तेव्हां तें एका तिरप्या अक्षाभोंवतीं वळतें. हा अक्ष डोळ्यांना दिसत नाहीं. सस्पेन्शनचा वरचा आणि खालचा आधार जोडणारी ती एक कल्पित रेषा आहे. ही रेषा खालीं वाढवीत नेली कीं ती जमिनीला एका बिंदूंत मिळते. टायर जमिनीवर टेकून जो ठसा उमटवितो, त्याचा मध्य ह्या बिंदूच्या बाहेर आहे कीं आंत, आणि किती अंतरावर, ह्यावर गाडीचा स्वभाव ठरतो. घराच्या दारासारखाच हा प्रकार आहे. बिजागरीपाशीं दार ढकललें तर तें हलत नाहीं; बिजागरीपासून दूर ढकललें तर बोटानेंहि फिरतें. ब्रेक दाबला कीं जमीन टायरला मागें ओढते. ठशाचा मध्य वळणाच्या बिंदूपासून दूर असेल, तर ही ओढ चाकाला त्या अक्षाभोंवतीं फिरवूं पाहते.

दोन्ही चाकांना सारखाच अडथळा होत असेल तर दोहोंकडच्या ओढी एकमेकींना खोडतात आणि चालविणाऱ्यास कांहीं जाणवत नाहीं. प्रश्न उभा राहतो तो एका बाजूची ओढ वाढल्यावर. समजा, उजवें पुढचें चाक पाण्याच्या डबक्यांत किंवा वाळूंत शिरलें, अथवा त्याचा टायर एकाएकीं बसला. गाडी उजवीकडे ओढली जाऊं लागते. अशा वेळीं ठशाचा मध्य बिंदूच्या बाहेर असला तर तीच ओढ चाकाचें तोंडहि उजवीकडे वळविते. म्हणजे संकटांत भर. तो बिंदूच्या किंचित आंत असेल, तर तीच ओढ चाकाला डावीकडे वळवूं पाहते आणि गाडी आपोआप सावरली जाते. १९७२ सालीं निघालेल्या आउडी ८० ह्या जर्मन मोटारींत ही दुसरी रचना जाणूनबुजून केलेली होती, आणि पुढें पुष्कळ लहान गाड्यांत ती आली. त्याला ब्रेकच्या नळ्यांचेंहि कारण होतें. अशा गाड्यांत ब्रेकच्या दोन स्वतंत्र शाखा तिरप्या जोडतात, उजवें पुढचें व डावें मागचें एका शाखेवर आणि उरलेलीं दोन दुसरीवर. एक शाखा निकामी झाली तर पुढच्या एकाच चाकाला ब्रेक लागतो. त्या वेळीं गाडी भरकटूं नये म्हणून चाकाची ही स्वतःच स्वतःला सावरण्याची सोय.

हीं अंतरें मुळांतच फार लहान असतात. ठशाचा मध्य बिंदूच्या पांच मिलिमीटर आंत आहे असें धरलें, आणि ऑफसेट ४५ वरून ३५ वर आणला, तर तो मध्य दहा मिलिमीटर बाहेर येऊन बिंदूच्या पांच मिलिमीटर बाहेर जाईल. सावरणारी गाडी भरकटविणारी होण्यास एवढें पुरतें. रिमची रुंदी वाढल्यानें कड किती बाहेर आली, ही गोष्ट येथें गौण आहे. ठशाचा मध्य ऑफसेटमुळें सरकतो. म्हणून मडगार्डला कोठेंहि न घासणारें, दिसावयास निर्दोष असें चाकहि ह्या दृष्टीनें चुकीचें असूं शकतें. हल्लींच्या गाड्यांत स्टिअरिंगला विजेच्या मोटरची मदत असते, त्यामुळें हातांना बसणारा हिसका झांकला जातो. शहराच्या रस्त्यावर महिनोन्महिने चालविणाऱ्याला बदल जाणवत नाहीं. तो जाणवतो तो मोठ्या वेगांत, एखाद्या टायरमधील हवा एकदम गेल्यावर.

ह्यानंतर बेअरिंग. गाडीचा भार बेअरिंगवर कोठें पडावा हें ठरवूनच मूळ ऑफसेट घेतलेला असतो. बंडीच्या तुंब्याचें तत्त्व तेथेंहि आहे. चाक बाहेर सरकलें कीं भाराची रेषा बेअरिंगच्या मध्यापासून दूर जाते आणि एका अंगाच्या गोळ्यांवर अधिक दाब येतो. गोळ्यांच्या बेअरिंगचें आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणांत असतें, असा अभियंत्यांचा नियम आहे. भार दहा टक्क्यांनीं वाढला तर आयुष्य सुमारें पाऊणपट उरतें. भार दुप्पट झाला तर एक-अष्टमांश. वळणावर तर हा दाब आणखी चढतो. बेअरिंग खराब होऊं लागलें कीं वेगाबरोबर चढत जाणारा घुमल्यासारखा आवाज येतो, आणि वळण घेतांना तो वाढतो किंवा मंदावतो. पुष्कळ जण तो टायरचा आवाज समजून त्याकडे दुर्लक्ष करतात.

उलट बाजूची चूक, म्हणजे ऑफसेट मूळ अंकाहून वाढविणें, कमी वेळां घडते, पण ती अधिक लवकर अंगावर येते. चाक आंत शिरतें आणि टायरची आंतली भिंत शॉकॲब्सॉर्बरला, स्प्रिंगेच्या बशीला किंवा ब्रेकच्या रबरी नळीला लागते. बाहेरच्या बाजूस टायर घासला तर तें दिसतें. आंतल्या बाजूस घासलेला टायर दिसत नाहीं. आंतली भिंत थोडी थोडी कापली जाते आणि बाहेरून टायर नवा कोरा दिसत असतां एक दिवस फुटतो.

आंत लागणारें चाक बाहेर आणण्यास पुष्कळदां 'स्पेसर' नांवाची धातूची चकती चाक आणि हब ह्यांच्यामध्यें घालतात. वीस मिलिमीटरची चकती घालणें आणि ऑफसेट वीसनें कमी करणें हें एकच आहे, म्हणून ठशाच्या मध्याविषयीं आणि बेअरिंगविषयीं वर सांगितलें तें सर्व तिलाहि लागू पडतें. शिवाय मूळच्या स्टडची जेवढी लांबी चकतींत जाते, तेवढे नटाचे फेरे कमी होतात. स्टडच्या जाडीइतक्या लांबीवर तरी नट गुंतला पाहिजे असा साधा दंडक आहे. १२ मिलिमीटर जाडीच्या आणि दीड मिलिमीटर पल्ल्याच्या आट्यांच्या स्टडवर म्हणजे पूर्ण आठ फेरे. हाताशीं असलेल्या नटानें हें मोजून पाहतां येतें. फेरे कमी भरत असतील तर ती चकती दुकानदाराला परत करणेंच शहाणपणाचें.

भोकांचें वर्तुळ, म्हणजे दुकानाच्या भाषेंत पी. सी. डी., आणि मधल्या छिद्राचा व्यास ह्यांवर फार बोलावयाचें कारण नाहीं. चार भोकें आणि १०० मिलिमीटरचें वर्तुळ असलेल्या हबवर ९८ मिलिमीटरचें चाक ओढूनताणून चढवितां येतें, नट तिरपे बसतात, आणि चाक कधींच मध्यावर येत नाहीं. तें घेऊंच नये. बाजारांतील चाकांचें मधलें छिद्र सर्व गाड्यांना चालावें म्हणून मुद्दाम मोठें ठेवितात. त्यांत बरोबर मापाचें कडें बसवून हब आणि चाक ह्यांमधली फट भरून काढावी, म्हणजे चाक हबच्या मध्याशीं जुळून बसतें आणि ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरत नाहीं.

चाकावर अंक उठविलेला नसेल, किंवा त्यावर विश्वास नसेल, तर ऑफसेट घरींहि मोजतां येतो. टायर नसलेलें चाक नक्षीची बाजू खालीं करून जाड सतरंजीवर आडवें ठेवावें. वरच्या, म्हणजे आंतल्या, कडेवर एक सरळ पट्टी आडवी टाकावी आणि पट्टीच्या खालच्या कडेपासून हबच्या बैठकीपर्यंत खोली मोजावी. नंतर रिमची एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंतची पूर्ण रुंदी मोजून तिची निम्मी करावी. खोलींतून निम्मी रुंदी वजा केली कीं ऑफसेट निघतो. येथें एक फसवी जागा आहे. साडेपांच इंच म्हणून जी रुंदी चाकावर लिहितात, ती टायर जेथें बसतो त्या दोन खांचांमधली असते. रिमचे ओठ धरून प्रत्यक्ष रुंदी तिच्याहून सुमारें एक इंच अधिक भरते. लिहिलेल्या रुंदीचा निम्मा अंक वापरला तर उत्तरांत सुमारें साडेबारा मिलिमीटरांची चूक येते, आणि एवढ्यानें चांगलें चाक वाईट व वाईट चाक चांगलें ठरतें. म्हणून खोलीप्रमाणेंच रुंदीहि पट्टीनें मोजावी. लिहिलेली घेऊं नये.

चाक कागदावर पसंत पडल्यावर टायर चढवून एकच चाक प्रथम पुढें लावून पाहावें. चारहि चाकें एकदम विकत घेऊन मग तक्रार करण्यापेक्षां हा मार्ग बरा, आणि बरे दुकानदार त्याला नाहीं म्हणत नाहींत. गाडी उभी असतांना स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टायर आणि आंतले भाग ह्यांत बोट सहज जाईल इतकी फट राहते कीं नाहीं हें बघावें. संशय वाटेल त्या जागीं, शॉकॲब्सॉर्बरच्या अंगास, भिजविलेल्या कणकेचा एक गोळा चिकटवावा. चाक फिरवून परत आणल्यावर गोळा जितका चेपला असेल, त्यावरून उरलेली फट दिसते. घरांतल्या मंडळींना हसूं आलें तरी हें माप चुकत नाहीं. परंतु उभ्या, रिकाम्या गाडीवरची ही परीक्षा अपुरी आहे. घाटांत स्प्रिंग दबलेली आणि चाक वळलेलें अशा दोन्ही अवस्था एकदम येतात. म्हणून गाडींत सर्व आसनांवर माणसें बसवून, थोडें सामान घेऊन, राजूर घाटासारख्या वळणांच्या रस्त्यावर सावकाश जाऊन यावें, आणि परत आल्यावर मडगार्डच्या आंतल्या अस्तरावर व टायरच्या दोन्ही खांद्यांवर घांसल्याच्या खुणा आहेत काय तें हात फिरवून पाहावें. मडगार्डची कड वांकवून किंवा कापून जागा करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तें चाक त्या गाडीचें नव्हे एवढें ओळखावें. कड कापल्यानें घासणें थांबेल. ठशाचा मध्य आणि बेअरिंगचा भार जेथें आहेत तेथेंच राहतील.

ज्यांना ह्या सर्व खटपटीचा कंटाळा असेल त्यांच्यासाठीं सरळ वाट आहे. त्याच गाडीच्या वरच्या प्रतीला कारखानदारानें जें मोठें चाक दिलेलें असतें, त्याच मापाचें, त्याच ऑफसेटचें आणि त्याच टायरचें चाक घ्यावें. अशा टायरांचीं मापें बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीवर किंवा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत दिलेलीं असतात. मूळ अंकाच्या पांच मिलिमीटर इकडेतिकडे असणारें चाक सामान्यतः निभावून जातें. त्याहून दूर जाणाऱ्यानें वरचे सर्व हिशेब स्वतः करावेत. रिमवर भारतीय मानक ब्युरोचें चिन्ह आहे कीं नाहीं, आणि चाक किती भार सोसूं शकतें तो आंकडा तिच्यावर आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें. हीं दोन्ही नसलेलें चाक स्वस्त कां मिळतें हें सांगावयास नको.

कायद्याची बाजूहि आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ ह्याच्या ५२ व्या कलमानें, कारखानदारानें ठरविलेल्या तपशिलाशीं नोंदणीपत्र जुळणार नाहीं असा बदल गाडींत करण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें आलेल्या १८२-अ ह्या कलमाप्रमाणें, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या धन्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा अशा प्रत्येक बदलाबद्दल पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. कारखानदारानेंच त्या गाडीसाठीं मान्य केलेल्या मापाचें चाक असेल तर वाद उद्भवण्याचें कारण राहत नाहीं. चाकें बदलल्याचें विमा कंपनीला लेखी कळवावें. अपघातानंतर तोंडी सांगण्यांत अर्थ नसतो.

चाकें बसवून झाल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्यावें. नट अलॉयच्या बैठकीच्या आकाराचे, म्हणजे निमुळत्या खांचेला निमुळते आणि गोल खांचेला गोल, असेच वापरावेत. जुन्या लोखंडी चाकाचे नट नव्या चाकाला चालतीलच असें नाहीं. ते समोरासमोर, एकाआड एक, पुस्तिकेंत दिलेल्या जोरानें आवळावेत, पायानें दांडा दाबून नव्हे. नवें चाक पहिल्या प्रवासांत आपल्या बैठकीवर थोडें बसतें आणि नट किंचित सैल पडतात. पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर, चाकें गार असतांना, ते सर्व एकदां पुन्हां तपासून घ्यावेत. बुलढाण्याहून बोथ्याच्या घाटानें खामगांवास जाऊन परत आलें म्हणजे ती वेळ झाली असें धरण्यास हरकत नाहीं.